टॉवर बंद होता आणि मी वायर तपासत होतो

२०२१ ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी सकाळी फोन आला, पलीकडून आजी. माझी सख्खी आजी नाही, शेजारच्या गावातली, पण माझ्या वडलांना तिने अंगाखांद्यावर खेळवलंय त्यामुळे आजीच. म्हणे, "काहून रे बापा, टीव्हीत काहीच नाही येऊन राहिलं, दोन दिवस झाले, नुसत्या मुंग्या हायेत." मी म्हटलं येतो, दुकान उघडायच्या आधी येऊन जातो, पाच मिनिटाचं काम असंन.

मी टीव्ही मेकॅनिक आहे. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमचं गाव, १९९७ पासून हे काम करतो. आधी तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात शिकलो, मालकांना सगळे दादाजी म्हणायचे, त्यांनीच सोल्डरिंग धरायला शिकवलं, मग स्वतःचं दुकान टाकलं. ब्लॅक अँड व्हाइट, कलर, केबल, छत्री म्हणजे डिश, आता एलईडी, सगळं या हातातून गेलं. त्यामुळे अँटेनावाल्या टीव्हीत मुंग्या दिसल्या की काय काय झालेलं असू शकतं ते मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं.

आजीकडे पोचलो. टीव्ही चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट, पोर्टेबल म्हणायचे त्याला. आबाजी होते तेव्हा एका साली कापूस बरा झाला म्हणून घेतलेला, आणि त्याचा ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, मी दोनदा बदलला आहे. कवेलूच्या घरावर जीआय पाइप, पाइपावर अँटेना. आधी फ्लॅट वायर पाहिली, उन्हाने तडकून जाते ती, माकडं पण ओढतात. वायर बरी होती. मग वर चढलो, अँटेनाच्या मागचा बलून, म्हणजे अँटेना आणि वायर जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, उघडला, गंजलेला होता, नवीन टाकला. आजी खाली दारात उभी. मी वरून "आला का?" ती खालून "नाही!" थोडं फिरवलं, "आता?" "नाही रे!" बूस्टरचा अॅडॉप्टर बदलला. तेही नाही. मग वाटलं टीव्हीचाच ट्यूनर गेला, तर गाडीच्या डिक्कीत माझा टेस्टिंगचा पाच इंची टीव्ही असतो तो काढला, लावला, त्यातही मुंग्या. तासाच्या वर गेला. आजीने दोनदा चहा केला.

मग तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एक मेकॅनिक मित्र आहे त्याला फोन लावला की तुमच्याइकडे काय हाल आहे. तो म्हणे, "अरे दूरदर्शनचा टावरच बंद झाला ना बे, मलेही काल समजलं, मी तं दोन घरच्या वायरी बदलून बसलो."

मी कवेलूवर बसून होतो, हातात अँटेना. पंचवीस वर्षं जे काम केलं त्यात बिघाड नेहमी आपल्या बाजूला असायचा, वायरीत, बलूनमध्ये, टीव्हीत. टॉवर कधी तासभर गेला तर लाईट गेली असेल म्हणायचं, पण टॉवर कायमचा जाईल आणि ते आपल्याला कोणी सांगणार नाही हे डोक्यातच नव्हतं. आणि खाली आजी विचारते, "झालं का रे?" तिला काय सांगू.

मग घरी येऊन मोबाईलवर शोधलं तेव्हा सगळं समजलं. प्रसार भारतीने देशभरातले दूरदर्शनचे अॅनालॉग टॉवर टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं होतं, बहुतेक टॉवर तर त्याआधीच बंद झाले होते, आणि ३१ मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या जागचे पन्नास-एक सोडून बाकीचे सगळे बंद होणार होते. एके काळी देशात असे चौदाशेच्या वर ट्रान्समीटर होते. १९८४ साली तर काही महिने असे गेले की देशात जवळपास दिवसाला एक नवीन ट्रान्समीटर सुरू होत होता. आमच्याकडच्या खेड्यापाड्यात टीव्ही पोचला तो त्याच लाटेत, नाही तर दिल्लीला १९५९ ला सुरू झालेला टीव्ही मुंबईला यायलाच १९७२ उजाडलं होतं.

ज्यांनी अँटेनाचे दिवस पाहिले नाहीत त्यांना थोडं सांगतो. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी टॉवर असायचा, शंभर वॉटपासून पाचशे वॉटपर्यंतचा, त्याला लो पॉवर ट्रान्समीटर म्हणत. पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत चित्र चांगलं, त्याच्या पुढे जशी ज्याची जमीन उंच आणि जसा ज्याचा पाइप उंच. त्यामुळे घराघरात पाइपाची चढाओढ. कोणाचा वीस फूट, कोणाचा तीस फूट, एकाने तर बांबूला बांबू जोडून अँटेना पार पिंपळाच्या वर नेली होती. आणि एका गावातल्या सगळ्या अँटेना एकाच दिशेला तोंड करून, आपल्या टॉवरकडे. दुसऱ्या टॉवरच्या हद्दीतल्या गावात गेलं की त्यांची तोंडं दुसरीकडे. मी लहानपणी मामाच्या गावी गेलो की आधी छपरांकडे पाहायचो, अँटेनांची दिशा बदलली की समजायचं आपलं गाव मागे पडलं.

चित्र आणणं हे घरभराचं काम होतं. एक पोट्टा धाब्यावर पाइप धरून, एक अंगणात, एक दाराच्या चौकटीत, आणि आत टीव्हीसमोर आई. आतून आवाज निघायचा "आला", चौकटीतला ओरडायचा "आला", अंगणातला "आला रे", आणि तो धाब्यावर पोचेपर्यंत वरच्याने पाइप अजून थोडा फिरवलेला असायचा, की लगेच आतून "गेला!" रविवारी सकाळी तर गावभर हीच हाकाटी. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या अंगणात पन्नास माणूस, बाया एका बाजूला, पोट्टे समोर पोत्यावर. आणि एवढं करून चित्र मिळायचं ते कसं, तर मुंग्यांच्या आडून. माणूस दिसतोय पण नाक नीट दिसत नाही, एकाच्या मागे त्याचीच सावली असलेला दुसरा माणूस, आवाजात खरखर. पण दिसायचं. समजायचं. आज माझ्या मुलाला तसं चित्र दाखवलं तर दोन मिनिटं बसणार नाही, पण आम्ही त्यात अख्ख्या क्रिकेट मॅचेस पाहिल्या आहेत, बॉल दिसायचा नाही, बॅट्समन कुठे पळतोय त्यावरून समजून घ्यायचो.

हेच मला या पोस्टमध्ये सांगायचं आहे, म्हणून थोडं खोलात जातो.

अॅनालॉग सिग्नल कमी झाला की चित्र थोडं खराब होतं. अजून कमी झाला, अजून खराब होतं. पार टोकाला गेला तरी मुंग्यांच्या मागे काहीतरी हलताना दिसतं, आवाज तरी येतो. डिजिटलचं तसं नाही. डिजिटलमध्ये चित्र आकड्यांत येतं, डब्बा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, ते आकडे जुळवून चित्र बनवतो, चार-दोन आकडे वाटेत हरवले तर डब्ब्यात तेवढं भरून काढायची सोय असते, त्यामुळे सिग्नल थोडा कमी झाला तरी चित्र एकदम काचेसारखं स्वच्छ. पण एका हद्दीच्या खाली गेला की आकडे जुळतच नाहीत, आधी तोंडाचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो, आणि मग निळा पडदा, नो सिग्नल. मधलं काही नाही. शहरात जिथे सिग्नल धो धो आहे तिथे हा फरक कोणाला जाणवतच नाही. जाणवतो तो हद्दीवर राहणाऱ्याला, आणि आम्ही सगळे हद्दीवरचेच लोक.

आता डिजिटल वाईट असं मी म्हणत नाही, चुकूनही नाही, मी त्याच्यावरच पोट भरतो. अॅनालॉगच्या एका चॅनलला हवेत सात-आठ मेगाहर्ट्झ जागा लागायची, तेवढ्याच जागेत डिजिटलचे दहा-बारा चॅनल आरामात बसतात. जुन्या ट्रान्समीटरला वीज लागायची, माणूस लागायचा, स्पेअर मिळेनासे झाले होते, आणि पाहणारे किती उरले होते? आमच्या गावात सव्वादोनशे घरं, त्यात २०२१ ला अँटेनावर टीव्ही पाहणारी माझ्या माहितीत तीन. तीन घरांसाठी टॉवर कोण चालवेल हेही मला समजतं. टीव्हीची जुनी जागा जगभर मोबाईलला दिली जाते आहे, तेही समजतं, त्याच मोबाईलवर तुम्ही हे वाचताय.

पण मग दुसऱ्या देशांनी काय केलं ते वाचलं आणि मन खट्टू झालं. अमेरिकेत १२ जून २००९ ला मोठी स्टेशनं डिजिटल झाली, ती तारीख आधी फेब्रुवारीतली होती पण लोकांपर्यंत डब्बे पोचले नव्हते म्हणून पुढे ढकलली, आणि डब्बा घ्यायला सरकारने घरटी ४० डॉलरची दोन कुपनं दिली. जपानने २४ जुलै २०११ ला अॅनालॉग बंद केलं, पण त्याच वर्षी मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली होती म्हणून इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत सूट दिली. ते श्रीमंत देश, मान्य. पण टांझानियासारख्या देशानेही दार-एस-सलामपासून सुरुवात करून एकेक शहर घेतलं, ३१ डिसेंबर २०१२ पासून. म्हणजे तारीख ठरली, लोकांना माहीत झाली, मग बंद झालं. आपल्याकडे तारीख कागदावर होती, आजीच्या दारापर्यंत ती आलीच नाही. टीव्हीवर खाली एक पट्टी महिनाभर फिरवली असती, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहिल्या असत्या, कोतवालाने दवंडी दिली असती तरी चाललं असतं. मी मेकॅनिक असून मला मित्राकडून समजलं.

आपल्या देशात खरं तर टॉवरवरून टॉवरवर असा बदल फारसा झालाच नाही. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत टॉवरवरूनच डिजिटल सुरू केलं, डीव्हीबी-टीटू म्हणतात ते, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद, विदर्भातलं एकही नाही. नागपूर नाही. म्हणजे आमच्यासाठी डिजिटल म्हणजे एक तर केबल नाही तर छत्री.

केबलचं सांगतो थोडक्यात. कायदा २०११ ला बदलला आणि चार टप्प्यात केबल डिजिटल करायची ठरली. आधी महानगरं, मग ३१ मार्च २०१३ ची तारीख धरून नागपूरसारखी ३८ शहरं, मग बाकीची शहरं, आणि शेवटी खेडी, ३१ मार्च २०१७ पर्यंत. नागपूरच्या माझ्या मावशीला २०१३ लाच डब्बा घ्यावा लागला तेव्हा ती माझ्यावर चिडली होती, जसं काही मीच कायदा केला. आमच्या गावात केबल होती, एका माणसाने झाडावरून, विजेच्या खांबावरून वायर टाकत आणलेली, महिन्याचे साठ-सत्तर रुपये घ्यायचा. डब्बे लावायची वेळ आली तेव्हा त्याने काही घरांना लावले, काहींचे पैसे घेतले आणि पुढच्या आठवड्यात आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. मग फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे दर आले, १०० चॅनलचे १३० रुपये आणि वरून टॅक्स, म्हणजे १५३ रुपये, आणि आपल्याला पाहिजे ते पे चॅनल याच्यावर वेगळे. सोयाबीनला भाव नाही, तूर घरात पडून, कोण देते महिन्याला दोनशे-अडीचशे? लोक दुकानात यायला लागले, "भाऊ, फुकटवाली छत्री लावून द्या."

फुकटवाली छत्री म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ ला सुरू झाली तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं, सुरुवातीला ३३ चॅनल. छत्री, तिच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडणारा एलएनबी, वायर आणि डब्बा एकदाच घ्यायचा, दीड-दोन हजारात काम होतं, महिन्याला काही नाही. खेड्यातला टीव्ही या छत्रीनेच वाचवला असं माझं स्पष्ट मत आहे. आज देशात चार कोटींच्या वर घरं याच्यावर आहेत असं म्हणतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही, मी एकट्याने आमच्या पट्ट्यात हजाराच्या वर लावल्या असतील. डोक्यावर छत्री, खांद्यावर वायरचं बंडल, गाडीला पाना-पेचकस, असं मी वावरातून, तांड्यावरून, पोडावरून फिरलो आहे. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, लाईट नुकतीच आलेली आणि दुसऱ्या आठवड्यात छत्रीसाठी निरोप.

छत्रीचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, ३६ हजार किलोमीटर वर. आता जीसॅट-१५ आहे. आमच्याकडून तो आग्नेयेला दिसतो, म्हणजे दिसत नाही डोळ्याला पण छत्रीचं तोंड तिकडे करायचं. सिग्नल शोधायचा सॅटफाइंडर नव्हता तेव्हा मी उगवतीला तोंड करून उभा राहायचो आणि उजव्या हाताला अर्ध्याच्या थोडं पलीकडे अशी दिशा धरायचो, नव्वद टक्के वेळा तिथेच सापडायचा. आणि एक गंमत लक्षात आली. पूर्वी प्रत्येक गावाची अँटेना आपापल्या टॉवरकडे पाहायची. आता बुलढाण्यापासून सिरोंच्यापर्यंत जावा, फुकटवाल्या सगळ्या छत्र्यांचं तोंड जवळपास एकाच अंगाला. जे काम टॉवर करायचा, उपग्रहाचा सिग्नल मोठ्या डिशने खाली घेऊन गावांना वाटायचा, ते काम आता प्रत्येक घर आपल्या छपरावर करतं.

पण मग सांभाळणंही प्रत्येक घरावर आलं. टॉवरवर ड्युटीला माणूस होता, आजीच्या छपरावर कोण आहे? वादळात छत्री दोन बोटं हलली की चित्र गेलं. चॅनलची जागा बदलली की स्कॅन मारावं लागतं. १ मार्च २०१९ ला मोठ्या खाजगी कंपन्यांनी आपले सिरियलचे फुकट चॅनल फ्री डिशवरून काढून घेतले, त्या आठवड्यात माझ्या दुकानात डब्बे घेऊन लाईन लागली होती, "डब्बा खराब झाला". डब्बा ठणठणीत होता. वर्षभराने ते चॅनल आले, २०२२ ला पुन्हा गेले, पुन्हा लाईन. त्यात चित्र आकड्यांत बसवायच्या जुन्या पद्धतीचा, एमपेग-टूचा डब्बा असला तर नव्या पद्धतीचे, एमपेग-फोरवाले चॅनल त्याच्यात उघडतच नाहीत, हे साठ वर्षाच्या माणसाला कसं समजावून सांगायचं? मी सांगतो, ते मान डोलावतात, आणि जाताना म्हणतात, "म्हणजे बिघडलाच ना."

आता आजीकडे वापस येतो.

तिला सांगितलं की टॉवर बंद झाला, आता छत्री लावावी लागते. ती म्हणे, "बंद केला? आन मले न इचारता?" हे ती रागाने नाही बोलली, खरंच विचारत होती. मग म्हणे, "मले सातच्या बातम्या अन् शेतीचं तेवढं पाहाचं असते, बाकी काही नाही, त्याले कायची छत्री?" मी म्हटलं लावून देतो, पैशाचं मग पाहू. छत्री दुकानात जुनी पडलेली होती, एलएनबी नवा टाकला, डब्बा नवा. अंगणाच्या कोपऱ्यात दगडी ओट्यावर बसवली, आग्नेयेला, सिग्नल पंच्याऐंशी टक्के मिळाला, मी खूश. आणि मग डब्ब्याची वायर टीव्हीला लावायला गेलो तर भोकच नाही. त्या टीव्हीला मागे फक्त अँटेनाची जागा, लाल-पिवळी-पांढरी पिन लावायची सोयच नाही. ब्लॅक अँड व्हाइट चौदा इंची, त्याला कुठून असणार. डब्ब्यातून निघतं ऑडिओ-व्हिडिओ आणि टीव्ही मागतो टॉवरसारखा सिग्नल.

मग आठवलं की दादाजींच्या दुकानातून आणलेल्या भंगारात एक आरएफ मॉड्युलेटर आहे. चिमुकली पत्र्याची डबी असते ती, एका बाजूने ऑडिओ-व्हिडिओ घेते आणि दुसऱ्या बाजूने अँटेनाच्या सिग्नलसारखं करून देते. म्हणजे घराच्या आत, टीव्हीच्या मागे, हातभर वायरीपुरता एक टॉवर. ती दोन दिवस शोधली, साफ केली, लावली, टीव्हीचं बटण फिरवून चॅनल जुळवला आणि आजीच्या पडद्यावर चित्र आलं. ब्लॅक अँड व्हाइटच, पण एकही मुंगी नाही. आजी चष्मा पुसून पाहत राहिली. म्हणे, "हे बाई आता म्हातारी झाली ना रे." बातम्या देणाऱ्या बाईबद्दल. इतकी वर्षं मुंग्यांमागे ती आजीला तरुण दिसत होती.

रिमोट हा पुढचा प्रश्न. आजीने रिमोट आयुष्यात धरलेला नाही, तिच्या टीव्हीला गोल फिरवायचं बटण. रिमोटवर चाळीस-एक बटणं आणि सगळी इंग्रजीत. एक चुकीचं दाबलं की डब्बा मेनूत जातो आणि मग बाहेर यायचा रस्ता तिला नाही सापडत. मी सांगत होतो हे दाबायचं, हे नाही दाबायचं. तिने मधेच उठून आरशावरची टिकल्यांची पाकिटं आणली. चालू-बंदच्या बटणावर मोठी लाल टिकली, चॅनल पुढे न्यायच्या बटणावर छोटी मरून. "बाकीच्याईले मी हातच नाही लावत," म्हणे. हे मला सुचलं नव्हतं. आता मी ज्या घरी म्हातारी माणसं एकटी असतात तिथे टिकल्या लावूनच रिमोट देतो, गाडीच्या डिक्कीत पाकीट ठेवलंय.

सगळं मिळून बाराशेला बसलं मला. तिने तीन हप्त्यात दिले, मी नाही म्हटलं तरी दिले. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटींची योजना मंजूर केली, त्यात दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमेवरच्या भागात ८ लाख डब्बे फुकट द्यायचं ठरलं. गडचिरोलीकडच्या लोकांना मिळाले तर फार चांगलं, त्यांना पाहिजेतच. आजीचं गाव यातल्या कशातच बसत नाही. आणि टॉवर बंद होऊन तोवर वर्ष उलटलं होतं. आधी डब्बे, मग टॉवर बंद, एवढंच उलटसुलट केलं असतं तर?

आणि मग पावसाळा आला.

टॉवरची लाट लांब असायची, दीड-दीड मीटरची, पावसाच्या थेंबाचं तिला काही वाटायचं नाही. छत्रीवर जी लाट येते ती तीन सेंटिमीटरच्याही आत, आणि वाटेत जाड पाऊस आला की थेंब तिला पिऊन टाकतात. रिमझिम असली तर चालतं, पण काळाकुट्ट ढग आला आणि धो धो सुरू झालं की आधी चौकोन, मग निळा पडदा. आमच्याकडे झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, नाले भरतात, रस्ते तुटतात, आणि नेमकं तेव्हाच बातम्या पाहायच्या असतात. जुलै २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्यात पूर आला, महागाव तालुक्यात आनंदनगरला लोक पाण्यात अडकले, त्या रात्री आमच्या गावात लाईट नव्हती, आणि ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांच्याकडे नो सिग्नल. मोबाईलच्या टॉवरची बॅटरी पण उतरली. मला पहाटे आठवलं की दुकानात एक जुना ट्रान्झिस्टर आहे, सेल टाकले आणि मीडियम वेव्हवर नागपूर आकाशवाणी लावलं, ५८५. खरखर, शिट्ट्या, मधेच आवाज जायचा, मधेच यायचा, अर्धं वाक्य समजायचं अर्धं नाही, पण बोलणारा माणूस ऐकू येत होता. दुकानासमोर पंधरा-वीस जण छत्र्या धरून उभे, कोणी बोलत नव्हतं.

त्या रात्रीपासून मला रेडिओची काळजी लागून राहिली आहे. रेडिओचंही डिजिटल करणं चालू आहे, डीआरएम म्हणतात, आकाशवाणीने बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर त्याच्यायोग्य केले आहेत. आवाज एकदम स्वच्छ येतो, एका जागेत दोन-तीन कार्यक्रम बसतात, पुराचा इशारा अक्षरात पण देता येतो, म्हणजे चांगलीच गोष्ट आहे. पण तो ऐकायला वेगळा रेडिओ लागतो आणि माझ्या दुकानात तो मागायला आजपर्यंत एकही माणूस आला नाही, कारण तो असतो हेच कोणाला माहीत नाही, आणि मला होलसेलवाल्याकडे तो कधी दिसला नाही. जुना ट्रान्झिस्टर दोनशे-तीनशेत येतो, गुराख्याच्या खांद्याला असतो, बंडीला लटकवलेला असतो. नवा रेडिओ असा हाताशी येईपर्यंत जुनी खरखर बंद करू नका, हे मी जो कोणी हे वाचत असेल त्याला हात जोडून सांगतो. तुमच्यापैकी कोणी आकाशवाणीत असेल, कोणाची ओळख असेल, तर एवढं पोचवा.

गेल्या झडीत आजीचा फोन आला होता. पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता की तिचं बोलणं नीट ऐकू येईना. म्हणे, "डब्बा गेला रे." मी म्हटलं, आजी, डब्बा नाही गेला, पाऊस जरा उघडू दे, आपोआप येते. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणे, "पहिले मुंग्या तरी दिसत जाय. मुंग्या दिसल्या का समजे, टीव्ही जिवंत हाय. आता निळं निळं, काही समजतच नाही बापा, गेला का हाये."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या वर्षी तिच्या अंगणातला कडुलिंब वाढला आहे आणि त्याची एक फांदी बरोबर आग्नेयेच्या आडवी आली, त्यामुळे नुसतं वारं सुटलं तरी चित्र तुटतं. मी म्हटलं फांदी छाटतो, पाच मिनिटाचं काम. ती नाही म्हणाली, आबाजींच्या हातचं झाड आहे, कुऱ्हाड नाही लावायची. मग मागच्या अंगाला गोठ्याच्या पत्र्यावर जागा पाहून आलो, तिथून आभाळ मोकळं आहे. जुनी अँटेना अजून कवेलूवर तशीच उभी आहे, ती काढू का विचारलं तर म्हणे राहू दे, पोपट बसतात. तिचा जीआय पाइप मात्र चांगला आहे, तोच खाली घेऊन छत्रीला वापरणार होतो, आता नवा आणावा लागेल. गोठ्यापासून टीव्हीपर्यंत मोजलं, बारा मीटर वायर लागते. ती घेऊन ठेवली आहे, रविवारी जातो.